सहा हजारांतली एक

लंडन, गुरुवार, 23 मे 2019

प्रति,
अध्यक्ष अलेक्सांडर चेफेरिन आणि कार्यकारी समितीचे सर्व सदस्य,
युएफा, न्यों, स्वित्झर्लंड

विषय: 29 मे रोजी अझरबैजानमधल्या बाकू इथे आर्सेनल आणि चेल्सी या लंडनच्या क्लबांत होणारा युरोपा लीग फुटबॉलचा अंतिम सामना

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहिते आहे. इंग्रजीतून गेल्या पंधरा दिवसांत तुमच्याकडे ढीगभर पत्रं आली असतील, आर्सेनलवाल्यांची आणि चेल्सीवाल्यांचीही. त्यांचं काय झालं ते दिसतंच आहे. मग म्हटलं, उत्तर यायचंच नसेल तर आपल्या भाषेत लिहावं, निदान आपली माणसं तरी वाचतील. शिवाय मला नीट रागावता येतं ते मराठीतच.

आज गुरुवार, म्हणजे युरोपा लीगचा वार. चॅम्पियन्स लीगमधून बाहेर पडल्यापासून दोन वर्षं आम्हा आर्सेनलवाल्यांचे गुरुवार तुमच्या या धाकट्या स्पर्धेला वाहिलेले आहेत. आज मात्र सामना नाही. डोंबिवलीला घरी सकाळपासून लोकसभेचे निकाल लागताहेत, घरच्या ग्रुपवर आघाडी-पिछाडीचे आकडे पडताहेत, आणि मी इथे वेगळेच आकडे मांडून बसले आहे. बाकूच्या ऑलिम्पिक स्टेडियमची क्षमता 68 हजारांच्या वर. आर्सेनलच्या वाट्याला तिकिटं 6 हजार, चेल्सीच्या वाट्याला 6 हजार. दोन्ही मिळून पाच खुर्च्यांमागे धड एकही येत नाही. कारण तुम्हीच जाहीर केलंय: बाकूच्या विमानतळाला एवढ्या अवधीत सुमारे 15 हजार प्रवासीच झेपतील.

म्हणजे फायनलला माणसं किती, हे स्टेडियमने ठरवलं नाही, विमानतळाने ठरवलं. लग्नाचा हॉल दोन हजारांचा घ्यायचा आणि मग वऱ्हाडाला सांगायचं, बस एकच आहे, पन्नास जण या. बरं, हॉलचं बुकिंगही काल-परवाचं नाही.

बाकूचा निर्णय झाला 20 सप्टेंबर 2017 रोजी. ती तारीख मला आठवते, कारण त्याच्या सहाच दिवस आधी मी आयुष्यातला पहिला युरोपीय सामना प्रत्यक्ष पाहिला होता. लंडनला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. 14 सप्टेंबर, आर्सेनलचं एमिरेट्स स्टेडियम, समोर जर्मनीचा कोलोन क्लब. कोलोन 25 वर्षांनी युरोपीय स्पर्धेत आला होता. त्यांच्या वाट्याला तिकिटं होती 2,900. आली किती माणसं? वीस हजारांच्या आसपास. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून लाल-पांढरे मफलर घातलेला मोर्चाच्या मोर्चा चालत आला. बहुतेकांकडे तिकीट नव्हतं, आणि हे त्यांना घरून निघतानाच माहीत होतं. दरवाजे बंद झाले, सामना तासभर उशिरा सुरू झाला. मी होलोवे रोडवर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून वाट पाहत होते. शेजारी साठीच्या एक कोलोनच्या बाई होत्या. मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, आत जायला मिळालं तर बोनसच. पंचवीस वर्षांनी टीम बाहेर निघाली, तिला एकटीला कसं पाठवायचं?

मला त्या क्षणी वारी आठवली. पंढरपुरात गेलेल्या प्रत्येकाला गाभाऱ्यात पाय ठेवायला मिळतो का? कळसाचं दर्शन घेऊन परत फिरणारे कितीतरी असतात. पण म्हणून कुणी असं म्हणत नाही, की यंदा गाभारा लहान आहे तेव्हा दिंड्या काढू नका.

सांगायचं ते हे, की पाव शतक उपाशी राहिलेल्या क्लबामागे किती माणसं निघतात, याचं उत्तर लंडनच्या रस्त्यावर चालत आलं होतं. सहा दिवसांनी तुमची सभा भरली. समोर सेव्हिया होतं, इस्तंबूल होतं, बाकू होतं. तुम्ही बाकू निवडलंत. निवडायला माझी हरकत नाही, हे नीट लिहिते, कारण इथल्या माझ्या सोबत्यांशीही माझं याच मुद्द्यावर वाजतं.

इथे सध्या बाकूवर विनोद चालू आहेत. कुठे आहे म्हणे ते, युरोपात तरी येतं का, पुढच्या वर्षी फायनल चंद्रावर. मला ते आवडत नाहीत. अझरबैजान तुमचा सभासद देश आहे. त्यांच्या काराबाग क्लबाने याच मोसमात आमच्या गटात खेळून सगळे प्रवास केले. 13 डिसेंबरच्या थंडीत त्यांची माणसं एमिरेट्सला आली होती, लाकाझेतच्या एका गोलने आम्ही जिंकलो त्या दिवशी. त्यांना कुणी विचारलं नाही की बुवा, लंडन लांब पडत नाही का? लंडन ते बाकू जेवढं, बाकू ते लंडनही तेवढंच. त्यांनी दर वेळी यायचं आणि आमच्यावर एकदा पाळी आली की गळा काढायचा, हे काही बरोबर नाही.

आणि लांब म्हणजे कुणापासून लांब? मी नकाशावर मोजून पाहिलं. लंडनहून बाकू सरळ रेषेत जवळजवळ 4 हजार किलोमीटर. मुंबईहून बाकू सुमारे 3,200. म्हणजे युरोपातली ही फायनल होलोवे रोडपेक्षा डोंबिवली स्टेशनला जवळ आहे! हे धाकट्या भावाला कळवलं तर त्याचा लगेच निरोप: "ताई, मग तू इकडे ये, इथून एकत्र जाऊ." बाकूजवळ सुराखानी नावाच्या गावी एक जुनं अग्निमंदिर आहे, आतेशगाह. तिथल्या शिलालेखांत देवनागरी आहे. एकावर तर श्रीगणेशाय नमः आहे आणि संवत 1802 असा काळ घातलेला आहे. मुलतानकडचे व्यापारी उंटांच्या तांड्याबरोबर तिथवर जात होते, जमिनीतून आपोआप निघणाऱ्या ज्वाळांपुढे हात जोडत होते. तेव्हा आमच्याकडच्या माणसाला बाकूचं अंतर सांगून घाबरवण्यात अर्थ नाही. आमची लिपी तिथे आर्सेनलच्या आधी पोचली आहे.

अंतराशी माझं जुनं नातं आहे. माझं आर्सेनलपणच मुळात अंतरावर वाढलंय. 2006 ची चॅम्पियन्स लीग फायनल, पॅरिस, समोर बार्सिलोना. आमच्याकडे घड्याळात रात्रीचे सव्वाबारा. मी कॉलेजात, भाऊ आठवीत. बाबांना सकाळची 6 वाजून काही मिनिटांची फास्ट लोकल पकडायची असायची, म्हणून टीव्ही लावायला परवानगी होती, आवाजाला नव्हती. अठराव्या मिनिटाला आमचा गोलरक्षक लेहमन याला लाल कार्ड मिळालं ते आम्ही मुक्याने पाहिलं. सदतिसाव्या मिनिटाला कॅम्पबेलने डोक्याने गोल मारला तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांची तोंडं दाबून धरली. दहा माणसांनिशी आमचं घोडं खेळाची जवळजवळ चाळीस मिनिटं पुढे होतं. मग 76 व्या मिनिटाला त्यांचा एटो, थोड्याच वेळात बेलेटी, आणि संपलं. भाऊ रडला तोही आवाज न करता. सकाळी बाबांनी डबा भरताना एवढंच विचारलं, "हरलात का?" 'हरलात', असं. त्या एका क्रियापदाने मी आर्सेनलची झाले, असं मला वाटतं. त्याआधी मी नुसती बघत होते.

त्यामुळे सात समुद्रांपलीकडून प्रेम करणं काय असतं ते मला शिकवू नका. दूर असल्याचं दुःख मला नाही. मला लागतं ते हे, की जिथे फायनल ठरली त्या खोलीत खुर्च्या मोजल्या, प्रायोजकांच्या जागा मोजल्या, कॅमेरे मोजले, टीव्हीच्या वेळा मोजल्या, फक्त या दोन संघांमागून येणारी माणसं कुणी मोजली नाहीत. कोण येणार ते दीड-दोन वर्षं आधी माहीत नसतं, हे कबूल. पण कुणीतरी दोघे येणार हे तर माहीत असतं ना? ते दोघेही बाकूबाहेरचेच असणार, ही शक्यता तर ढळढळीत होती.

आता त्या दोघांचं भौगोलिक विनोदी नाट्य बघा. आर्सेनल स्टेशनवर पिकॅडिली लाइन पकडायची, अर्ल्स कोर्टला उतरून डिस्ट्रिक्ट लाइन घ्यायची, फुलहॅम ब्रॉडवेला उतरलं की चेल्सीचं मैदान. एक गाडी बदलायची, बस्स. दादर बदलून जाण्याइतकं सोपं. एवढ्या शेजारच्या दोन क्लबांची माणसं एकमेकांना भेटायला 4 हजार किलोमीटर जाणार. सामना लंडनला हलवा असं मी म्हणत नाही. बाकूच्या लोकांनी हक्काने मिळवलेली फायनल त्यांच्या तोंडातून काढून घ्यायची आणि आम्ही वेम्बलीला चालत जायचं, हे मला पटणार नाही. पण शनिवारी, 1 जूनला, माद्रिदमध्ये तुमच्याच थोरल्या स्पर्धेची फायनल आहे. तिथेही दोन इंग्लिश क्लब. लिव्हरपूल आणि टॉटनहॅम यांना प्रत्येकी 16 हजारांहून जास्त तिकिटं. मैदान बाकूएवढंच. आमच्या शेजारच्या जुन्या वैऱ्याला, टॉटनहॅमला, जे मिळालं ते आम्हाला मिळालं नाही, हे वाक्य लिहिताना उत्तर लंडनच्या माणसाला किती त्रास होतो याची कल्पना तुम्हाला न्योंमध्ये बसून यायची नाही. लीगमध्येही ते चौथे आणि आम्ही पाचवे. फरक एका गुणाचा, 71 आणि 70.

म्हणूनच ही फायनल आम्हाला इतकी हवी आहे. जिंकलो तर पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग, हरलो तर पुन्हा गुरुवार.

या मोसमाने आमचा जीव किती वेळा टांगणीला लावला ते थोडक्यात सांगते. बेलारूसच्या बाटेकडून तिकडे 1-0 हरलो, इकडे 3-0 ने फेडलं. रेनकडून तिकडे 3-1, इकडे पुन्हा 3-0. नापोलीला दोन्हीकडे हरवलं. मग व्हॅलेन्सिया: इकडे 3-1, आणि त्यांच्या मेस्ताया मैदानावर अकराव्या मिनिटाला त्यांनी गोल केला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी राहिले. आमच्या ओबामेयांगने तीन मारले. 4-2. फोनवर भाऊ ओरडत होता, तिकडे रात्रीचे अडीच वाजत आले होते. आणि प्रशिक्षक एमरी. ही स्पर्धा सेव्हियाबरोबर सलग तीनदा जिंकलेला माणूस! 2014, 2015, 2016. आमच्या आजीच्या भाषेत, त्यांच्या हाताला गुण आहे.

आमच्या हाताला मात्र नाही. आर्सेनलकडे युरोपातले चषक दोनच. 1970 चा फेअर्स कप आणि 1994 चा कप विनर्स कप. मधली 24 वर्षं कोरडी. त्यानंतर आजपर्यंत 25. हिशेबाने आता आमची पाळी आहे, असं आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या आजोबांचं म्हणणं.

या आजोबांबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं. पोस्टातून निवृत्त झालेले, वय 74, गेल्या वर्षी हृदयात दोन स्टेंट घातलेत. 1994 मध्ये ते कोपनहेगनला गेले होते, हार्विचहून बोटीने. अॅलन स्मिथने मारलेला तो एकमेव गोल, पार्माविरुद्ध 1-0. परतीच्या बोटीत कुणी झोपलं नाही म्हणतात. पुढच्याच वर्षी पॅरिसला गेले. ज्यादा वेळेचा शेवटचा क्षण, सारागोसाचा नयीम बाजूच्या रेषेजवळून, अर्ध्या मैदानातून चेंडू उचलतो आणि तो आमचा गोलरक्षक सीमन याच्या डोक्यावरून जाळ्यात पडतो. हा नयीम पूर्वी टॉटनहॅमचा! आजोबा अजून त्याचं नाव घेत नाहीत, "तो" म्हणतात. 2000 मध्ये पुन्हा कोपनहेगन, गालातासराय, पेनल्टीवर पराभव. 2006 मध्ये पॅरिस. मी डोंबिवलीत मुक्याने पाहत होते ती फायनल त्यांनी स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरून पाहिली. आम्हाला हे एकदा जिन्यात बोलता बोलता कळलं, आणि तेव्हापासून आमची मैत्री आहे. त्यांनी मला बार्बेक्यू शिकवलं, मी त्यांना साबुदाण्याची खिचडी. ती त्यांना आवडली नाही. शेंगदाणे वेगळे काढून खातात.

तर 25 वर्षांत त्यांनी आर्सेनलची एकही युरोपीय फायनल चुकवलेली नाही. चारपैकी तीन हरून परत आले. या वेळी ते जाणार नाहीत. तिकीट मिळालं असतं, त्यांच्या नावावर पुरेसे सामने जमा आहेत. पण सरळ विमानं मोजकी, आणि त्यांची भाडी आकाशाला भिडलेली. बाकी मार्ग म्हणजे इस्तंबूलला बदला, कीव्हला बदला, रात्र विमानतळाच्या खुर्चीवर काढा. सामना तिथल्या वेळेने रात्री 11 ला सुरू होणार, म्हणजे संपेपर्यंत 30 तारीख उजाडलेली. ज्यादा वेळ आणि पेनल्टी झाल्या तर पावणेदोन. लंडनच्या टीव्हीवर आठ वाजता दिसावा म्हणून बाकूत अकरा. डॉक्टरांनी आजोबांना नको सांगितलं. ते म्हणाले, डॉक्टर टॉटनहॅमचा आहे. पण गेले नाहीत ते नाहीतच.

अशी माणसं दोन्ही क्लबांकडे आहेत. ऐकतेय की आम्हाला दिलेल्या 6-6 हजारांतलीही निम्म्याच्या आसपास तिकिटं परत जाणार. यावर तुमच्यापैकी कुणीतरी म्हणणार, बघा, तेवढीही खपली नाहीत, आमचा अंदाज बरोबरच होता. कृपा करून असं म्हणू नका. पाणवठ्याची वाट बंद करायची आणि मग म्हणायचं, गावाला तहानच नाही.

आता मखितार्यान. इथे माझा विनोद संपतो.

परवा, मंगळवारी, क्लबाने सांगितलं की आमचा खेळाडू हेन्रिख मखितार्यान बाकूला येणार नाही. तो आर्मेनियाचा कर्णधार. आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यात नागोर्नो-काराबाग या प्रदेशावरून तीस वर्षांचं वैर. घरच्यांशी बोलून त्याने न जायचं ठरवलं. तुम्ही म्हणता, त्याच्यासाठी सुरक्षेची सगळी योजना तयार होती. असेलही. पण फुटबॉलपटूने फायनलला जाताना घरच्यांना काय सांगायचं? "काळजी करू नकोस, योजना तयार आहे"?

आणि हे काही आकाशातून पडलं नाही. गेल्या ऑक्टोबरात आम्ही याच शहरात, याच स्टेडियममध्ये काराबागशी खेळलो, 3-0 जिंकलो, तेव्हाही तो आला नव्हता. त्याच्याही आधी, 2015 मध्ये, तो डॉर्टमुंडकडून खेळत असताना अझरबैजानच्या गबालाविरुद्धचा सामना त्याने असाच सोडला होता. सगळ्यात कमाल म्हणजे तुमच्या स्वतःच्या सोडतीत आर्मेनियाचे आणि अझरबैजानचे क्लब तुम्ही मुद्दाम एकमेकांसमोर येऊ देत नाही. चिठ्ठ्या काढताना तुम्हाला हे वैर आठवतं. फायनलचं गाव निवडताना मात्र विसरलात? एका मखितार्यानचा प्रश्न नाही हा. 55 सभासद देशांतला कुठलाही खेळाडू तिथे बिनघोर खेळू शकेल, एवढं लेखी घेतल्याशिवाय फायनल द्यायची कशी?

दोन वर्षांपूर्वी, 2017 मध्ये, स्टॉकहोमला याच स्पर्धेच्या फायनलमध्ये या माणसाने मँचेस्टर युनायटेडसाठी गोल केला होता. आता तो तिशीत आहे. अशा किती फायनल असतात एका खेळाडूच्या आयुष्यात? आमचा गोलरक्षक पीटर चेक याच सामन्यानंतर निवृत्त होतोय, तोही त्याच्या जुन्या क्लबाविरुद्ध खेळून, आणि सगळं जग त्याबद्दल लिहितंय. मखितार्यान त्या रात्री घरी सोफ्यावर असेल.

काराबाग क्लबाची गोष्ट मला ठाऊक आहे, म्हणून हे लिहिताना मी कुणा एका बाजूची नाही. त्यांचं मूळ गाव आगदाम. 1993 पासून ते गाव त्यांना नाही, म्हणून ते बाकूत खेळतात. युद्धाने घर गेलेला क्लब त्यांचा, युद्धाने फायनल गेलेला खेळाडू आमचा. डिसेंबरात एमिरेट्सच्या बाहेर काराबागच्या एका पोराने माझ्याशी मफलर बदलला होता. तो मफलर माझ्या दाराच्या मागे टांगलेला आहे. त्याच खुंटीवर सात नंबरचा, पाठीवर मखितार्यान लिहिलेला शर्टही आहे. कुणाशी भांडतात का ते? माझ्या घरात तरी नाही.

मी जाते आहे. सोमवारी इथे बँक हॉलिडे, मंगळवार ते गुरुवार रजा. माझं काम पगारपत्रकांचं, आणि महिनाअखेरीला रजा मागणं म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी मूर्तिकाराने रजा मागण्यासारखं. आमच्या बाईंनी अर्जाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "तुम्ही हरणार" एवढं बोलून सही केली. त्या वेस्ट हॅम क्लबच्या. माझा मार्ग असा: लंडन, इस्तंबूल, तिबलिसी, तिथून रात्रीची रेल्वे आणि सकाळी बाकू. गाडीत झोपायला बर्थ आहे. दशम्या आणि लसणाची चटणी घेते आहे. कांदा-लिंबू तिबलिसीला मिळेलच.

तेव्हा तुमच्याकडून मला काही उत्तरं हवी आहेत, आणि ती 28 तारखेच्या संध्याकाळी गाडीत बसण्याआधी मिळाली तर बरं. तो सात नंबरचा शर्ट घालून मला आत सोडणार का? दारावर कुणी अडवलं तर कुणाचं नाव सांगायचं? मखितार्यान हा शब्द स्टेडियमच्या नियमांत बसतो का? सामना मध्यरात्रीनंतर संपला की स्टेडियमवरून शहरात यायला मेट्रो किती वाजेपर्यंत आहे? एकट्या बाईने रात्री दोनला चालत यायचं का? तुमच्या पाहुण्यांसाठी गाड्या असतील, हे मला माहीत आहे.

आणि पुढच्या वर्षीच्या युरो स्पर्धेचे चार सामने पुन्हा बाकूतच आहेत, त्यात एक उपांत्यपूर्व फेरीचा. तेव्हा विमानतळ किती माणसांचा असेल, ते आत्ताच विचारून ठेवा. गावांचे अर्ज येतात त्या कागदावर स्टेडियमच्या क्षमतेशेजारी आणखी एक रकाना आखा: तीन दिवसांत किती परगावची माणसं इथे पोचू शकतात, आणि परत जाऊ शकतात. तो आकडा लहान असेल तर गावाला सांगा, आधी वाट करा, मग फायनल घ्या. एवढा रकाना माझ्या पगारपत्रकातसुद्धा मावतो.

आजोबांनी काल रात्री दार वाजवलं. हातात कोपनहेगनचा मफलर, 1994 चा, एका टोकाला चहाचा डाग. "हा पाच फायनलला जाणार, मी चारच," म्हणाले. धुवायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे.

आपली,
आर्सेनलची एक डोंबिवलीकर

ता. क. भाऊ घरी पाहणार आहे. तिकडे रात्रीचे साडेबारा. बाबा आता निवृत्त आहेत, लोकल पकडायची नाही, त्यामुळे या वेळी टीव्हीला आवाज ठेवायची परवानगी मिळालीय. पण शेजारच्या घरात दोन महिन्यांचं बाळ आहे, तेव्हा गोल झाला तर काय करायचं यावर त्यांच्याकडे अजून चर्चा चालू आहे.